दिलेल्या अन्नावर दात्याची सत्ता किती?

अन्नदानासारखे दुसरे दान नाही, हे वाक्य आपण वारकरी मंडळी इतक्या वेळा ऐकतो आणि बोलतो की त्याचा अर्थ काय, हे विचारण्याची आपणांस आठवणही राहत नाही. अन्न द्यावे, हे सर्वांस मान्य आहे. परंतु दिल्यावर पुढे काय? घेणाऱ्याने त्यातले कोणते खावे, कोणते खाऊ नये, काय बदलून घ्यावे, हे ठरविण्याचा अधिकार देणाऱ्याकडेच राहतो की घेणाऱ्याकडे जातो? प्रश्न दिसण्यात लहान आहे. पण अलीकडे तो गावच्या पारापासून मंत्रालयापर्यंत सर्वत्र विचारला जात आहे, आणि त्याचे झटपट उत्तर देणाऱ्यांत गळ्यात तुळशीची माळ असलेलेही पुष्कळ आहेत. म्हणून वाचकहो, त्याचा थोडा शांतपणे विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. त्या अन्वये प्राधान्य कुटुंबांतील दर माणशी महिना ५ किलो, आणि अंत्योदय कार्ड असलेल्या कुटुंबास महिना ३५ किलो धान्य मिळते. आरंभी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये व भरडधान्य १ रुपया किलो असा दर होता. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने ‘आनंदाचा शिधा’ या नावाने १०० रुपयांत रवा, चणाडाळ व साखर एकेक किलो आणि पामतेल एक लिटर असा संच दिला. विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांच्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये थेट बँकेत देण्याचे ठरले. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये सुरू झाले. तो पैसा केवळ अन्नासाठी नाही हे खरे, पण गरिबाच्या घरात पैशाची पहिली वाट चुलीकडेच जाते. शाळेत मुलांना दुपारचे जेवण मिळते, ते निराळेच. म्हणजे सरकारी साहाय्य तीन रूपांनी गरिबाच्या दारात येते. पोत्यातले धान्य, ताटातले जेवण आणि हातातला पैसा.

आता पूर्वपक्ष मांडू. तो आम्ही पुस्तकातून काढलेला नाही. आमच्या वेळापूरच्या बाजारात एका चांगल्या बागायतदार गृहस्थांनी तो आम्हांस ऐकविला. माणूस सज्जन. पालखी आली म्हणजे दिंडीला जेवू घालणारा. ते म्हणाले, “महाराज, फुकट मिळतंय म्हणून किंमत न्हाई बघा. रेशनचा गहू उचलायचा, दुकानदाराला घालायचा, आन् त्या पैशात पोरांना वेफरची पुडी आन् रंगीत पाण्याची बाटली. सरकारनं सरळ नियम करावा. हे घ्यायचं, हे न्हाई घ्यायचं. आमच्या कराच्या पैशावर ह्यांनी मौज कशाला करायची?”

हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. त्यात तीन गोष्टी आहेत. एक, पैसा लोकांचा आहे, तेव्हा त्याचा उपयोग नीट व्हावा. दोन, वाईट खाण्याने शरीर बिघडते आणि औषधाचा भार पुन्हा सरकारी दवाखान्यावरच पडतो. तीन, ज्याला आपण पोसतो त्याने आपल्या समजुतीप्रमाणे वागावे, ही दात्याची अपेक्षा. पहिल्या दोन गोष्टी उघड बोलल्या जातात, तिसरी पोटात राहते. पण नीट पाहिले तर पहिल्या दोघींना बळ तिसरीच पुरविते. तेव्हा तिच्यापासूनच आरंभ करू.

दान म्हणजे काय? आमच्या पाठशाळेत गुरुजी धर्मशास्त्रातली दानाची व्याख्या पाठ करून घेत. तिचा अर्थ असा की वस्तूवरचे आपले स्वामित्व काढून घेऊन तिच्यावर दुसऱ्याचे स्वामित्व उत्पन्न करणे, याचे नाव दान. व्याख्येत दोन क्रिया आहेत, हे ध्यानात घ्या. नुसती वस्तू सरकविली म्हणजे दान होत नाही. तसे असते तर हमालही दाता ठरला असता. आपली सत्ता सुटली पाहिजे आणि दुसऱ्याची लागली पाहिजे. यज्ञात आहुती टाकताना यजमान ‘हे आता माझे नाही’ असे उच्चारून हात मोकळा करतो. आहुती टाकल्यावर अग्नीला कोणी सांगत नाही की तूप आधी जाळ आणि समिधा मागाहून. मग जे अन्न दिल्यावरही ‘माझ्या पैशाचे आहे’ असे मनात राहते, ते दिले असे म्हणावे तरी कसे? ते उसने दिले, किंवा फार तर राखण करायला दिले.

येथे कोणी म्हणेल, गीतेने तर अन्नाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे भेद केले आहेत. मग तामस अन्न गरिबाच्या हाती पडू न देणे हे पुण्याचेच काम नव्हे काय? या शंकेचे समाधान त्याच अध्यायात आहे. सतरावा अध्याय काढून पाहा. तेथे भगवंतांनी आरंभी सांगितले ते असे की ज्याची जशी प्रकृती तसा आहार त्याला प्रिय असतो. हे वर्णन साधकाने आपल्या स्वतःच्या ताटात पाहण्यासाठी केलेले आहे. दुसऱ्याच्या ताटात डोकावण्यासाठी ते नाही. पुढे त्याच अध्यायात दानाचेही तीन भेद येतात. त्यांत सत्काराशिवाय, अवज्ञा करून दिलेले दान तामस म्हटले आहे. गंमत पाहा, घेणाऱ्याचे अन्न तामस आहे की काय याची चौकशी करता करता देणाऱ्याचे दानच तामस होऊन बसते!

‘पात्र पाहून द्यावे’ असेही तेथे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पात्रता वस्तूप्रमाणे बदलते. विद्या द्यायची तर जिज्ञासू पाहावा, कन्या द्यायची तर शील पाहावे. अन्नाला भूक हीच पात्रता. आपल्या पंगतीत आजवर वाढप्याने कोणाचे गुणदोष विचारून पोळी वाढल्याचे ऐकिवात नाही.

शास्त्राचे झाले. आता संतांकडे वळू. नामदेवरायांची गोष्ट लहान मुलालाही ठाऊक आहे. कुत्र्याने भाकरी पळविली आणि नामदेव मागे धावले. हातात काठी नव्हती, तुपाची वाटी होती. कोरडी भाकरी त्याच्या घशाला लागेल, ही त्यांची काळजी. नीट विचार करा हं. भाकरी चोरीची. घेणारा कुत्रा. तरीही देणाऱ्याच्या मनात जो विचार आला तो ‘तूप कशाला, भाकरीवर भागत नाही का?’ असा आला नाही. घास गोड कसा लागेल, एवढाच आला. आपण ही कथा सांगून डोळे पुसतो, आणि कीर्तन सुटल्यावर बाहेर येऊन विचारतो की रेशनवाल्याला साखर कशाला हवी!

दुसरी गोष्ट तर आपल्याच जिल्ह्यातली. मंगळवेढ्याचे दामाजीपंत. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे उघडून भुकेल्यांना वाटली. पुढे विठ्ठल विठू महार होऊन बादशहाच्या दरबारात कसा गेला आणि दामाजीपंतांचे देणे कसे फेडून आला, ते आपण दरवर्षी ऐकतो. आमचे लक्ष आज एवढ्यावरच आहे की ते धान्य राज्याचे होते, दामाजीपंतांच्या घरचे नव्हते. आजच्या भाषेत बोलायचे तर ते सार्वजनिक अन्नसाहाय्यच. आणि कोठाराच्या दारात उभे राहून त्यांनी ‘याचे काय रांधणार?’ असा प्रश्न कोणाला केल्याचे कथा सांगत नाही. दार उघडले, आणि माप भरभरून जाऊ दिले.

ही झाली पुराणी उदाहरणे असे कोणी म्हणू नये, म्हणून आपल्या रोजच्या अनुभवाकडे येऊ. वारीत आपण स्वतः कोण असतो? आळंदीहून निघाल्यापासून अठरा-वीस दिवस आपण घेणारे असतो. दिंडीची भिशी भरलेली असली तरी वाटेत गावोगाव लोक हात धरून पंगतीला बसवितात. माळशिरसहून पालखी निघते, खुडूसचे रिंगण होते, वेळापूर जवळ आले की धावा होतो आणि माउली गावात मुक्कामाला येते. त्या संध्याकाळी वाड्यावस्त्यांवरून भाकऱ्यांची चवड, पिठले, ठेचा येतो. त्या वेळी आपण काय म्हणतो? “आमच्या दिंडीत कांदा-लसूण चालत नाही.” “आज बाबांचा उपास आहे, भगर असेल तर बघा.” आणि ती माउली, जिने दिवसभर शेतात काम करून रात्री चूल पेटविलेली असते, ती काय उत्तर देते? ‘फुकटचे खाता आणि वर नखरे करता’ असे ती म्हणते काय? ती पदर सावरून म्हणते, “असू द्या माउली, तुमच्यापुरतं येगळं करते.” घेणाऱ्याचा नेम देणाऱ्याने पाळावा, हे या वाटेवर शेकडो वर्षे चालत आलेले आहे. आपण त्याचा लाभ घेतो. मग गावी परतल्यावर आपण देणाऱ्यांच्या बाजूला बसलो की नियम उलटा का होतो? मागताना घेणाऱ्याचा नेम मोठा आणि देताना देणाऱ्याची मर्जी मोठी, हा कोणता न्याय?

असो. आता त्या बागायतदारांच्या गव्हाकडे येऊ. रेशनचा गहू विकला किंवा बदलला जातो, हे खोटे नाही. नियमाला ते मान्य नाही, आणि त्यात दलाली करून पोती पळविणाऱ्याची गय करू नये. परंतु बाई तो गहू बदलते ती का, हे कोणी विचारले आहे काय? आम्ही एका मजूर बाईला विचारले, “आक्का, गहू नको वाटतो का?” ती म्हणाली, “नको कशानं, महाराज? पर चपातीला तेल लागतंय, भाकरीला नुसतं पाणी. सहा माणसांच्या चपात्या रोज केल्या तर तेलाचा डबा आठ दिसांत रिकामा. आन् भाकरी रानात न्यायला बरी, कांदा फोडला की झालं.”

आम्ही गीता-उपनिषदे वाचली, पण चपाती आणि भाकरी यांच्यातला हा हिशेब आम्हांस त्या बाईने शिकविला. सोलापूर जिल्हा हा ज्वारीचा मुलूख. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, इतकी ती नावाजलेली. आणि अशा मुलुखात रेशनवर वर्षानुवर्षे मुख्यत्वे काय येते? गहू आणि तांदूळ. कायद्यात भरडधान्याचे नाव आहे, पण ज्वारी मापात पडते ती क्वचित. म्हणजे गरिबाच्या खाण्यावर निर्बंध घालावा की नाही, हा प्रश्नच आपण उशिरा विचारतो आहोत. निर्बंध आहेच. काय मिळणार, हे त्याला न विचारताच ठरलेले असते. ती बाई गहू देऊन ज्वारी घेते, तेव्हा ती मौज करीत नसते. सरकारच्या मापाला आपल्या चुलीचे माप जुळवीत असते.

१९७२ चा दुष्काळ आमच्या वयाच्या लोकांना आठवतो. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळे आणि दुष्काळी कामावर सुकडी वाटली जाई. त्या अन्नाने माणसे जगली, त्याचे ऋण मानलेच पाहिजे. पण आजही म्हातारी माणसे दुष्काळाचे सांगू लागली आणि मिलोचे नाव निघाले की तोंड वाकडे करतात. ते चवीमुळे तर आहेच. परंतु आमची समजूत अशी की, संकटात सापडलो म्हणजे आपल्या आवडीनिवडीला कोणी विचारीत नाही, ही बोचही त्यात आहे. पोट भरले ते विसरले जाते. मान खाली घालावी लागली ते पन्नास वर्षे राहते. याउलट १९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली. ती योजना पुढे टिकली नाही, पण तिचे नाव लोकांच्या जिभेवर राहिले. जे अन्न घेणाऱ्याच्या स्वतःच्या घरचे होते, तेच त्याच्या पुढे ठेवले गेले होते.

‘पण पैसा आमचा आहे’ हा मुद्दा राहिला. त्याचे पहिले उत्तर असे की २०१३ च्या कायद्यानंतर हे धान्य म्हणजे कोणाची कृपा राहिलेली नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. दान दिल्यावरही जर दात्याची सत्ता सुटते, तर हक्काने मिळालेल्यावर ती राहील कोठून? दुसरे उत्तर थोडे तिखट आहे, रागावू नये. सार्वजनिक पैसा एकट्या गरिबाच्याच घरी जातो काय? एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात मोफत वीज आहे. चांगले आहे, शेतकरी जगला पाहिजे. परंतु त्या वाचलेल्या वीजबिलाच्या पैशातून घरी पेढे आले की फरसाण आले, याची चौकशी कोणी करीत नाही, आणि करूही नये. मग पाच किलो गव्हाचीच चौकशी का? आमच्या माळशिरस तालुक्यात तर उसाच्या मोळ्यांनी रस्ते भरतात, कारखान्याची शिट्टी वाजली की पोती साखर निघते. त्याच तालुक्यात ऊस तोडणाऱ्याच्या कपातला चमचाभर गोडवा मोजत बसावे, हे आपणांस शोभते काय?

राहिली आरोग्याची गोष्ट. ती आम्ही मनापासून मानतो. मधुमेह आता वाड्यातून वस्तीवर आला आहे. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांनी मुलांची भूक मरते, हे आम्हीही पाहतो. पण ती पुडी सावकाराच्या नातवालाही अपायकारकच आहे. जे खरोखर विष आहे त्याला सर्वांसाठी बंदी असावी. गुटख्याला राज्यात २०१२ साली बंदी झाली ती गरीब-श्रीमंत पाहून झालेली नाही. आणि जे सर्वांना खुले आहे, ते एकट्या गरिबाला केवळ तो गरीब म्हणून बंद करणे, याला आरोग्य म्हणता येणार नाही. ती शिक्षा झाली.

या बाबतीत परदेशाचे एक उदाहरण उपयोगी आहे. अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने गरिबांना अन्नखरेदीसाठी सरकारी मदत मिळू लागली. तेथे दुकानात जाऊन माणूस आपल्या पसंतीचे अन्न घेतो. दारू-तंबाखू मात्र त्या मदतीतून मिळत नाही. आपल्या बागायतदारांसारखेच तेथेही लोक म्हणू लागले की गोड पेये आणि गोळ्या-चॉकलेटे यांनाही मनाई करा, आणि २०२६ च्या आरंभापासून काही राज्यांनी तशी मनाई लागू केलीही आहे. परंतु त्याच देशात २०११-१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात याहून निराळा प्रयोग झाला होता. काहीही बंद केले नाही. जो फळे-भाज्या घेईल त्याला दर डॉलरमागे ३० सेंट परत दिले. तेव्हा ते मिळालेल्या लोकांनी, न मिळालेल्यांपेक्षा सुमारे पावपट अधिक फळे-भाज्या खाल्ल्या. वारकऱ्याला यात नवल वाटू नये. ही नामदेवांची तुपाची वाटीच आहे. भाकरी हिसकावू नका, तूप घेऊन मागे धावा. रेशनवर डाळ द्या, गोडे तेल द्या, ज्वारी द्या, आणि मग पाहा किती बायका पुड्या घेतात ते. घरात डाळ शिजत असली की पोर पुडीसाठी रडत नाही असे आम्ही म्हणत नाही; पोर ते पोरच. पण आईच्या हाती त्याला समजवायला काहीतरी असते.

आता ज्या विषयाला हात घालताना आमच्या संप्रदायातली मंडळी कपाळाला आठी घालतील, त्याकडे येतो. त्यावाचून हा लेख अर्धा राहील. तो विषय शाळेतल्या अंड्याचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने ठरविले की शाळेच्या जेवणात आठवड्यातून एक दिवस मुलांना अंडे द्यावे, आणि जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे किंवा स्थानिक फळ द्यावे. त्याला विरोध करणाऱ्यांत वारकरी संप्रदायातील काही मंडळीही होती. पुढे जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठी शासनाचा वेगळा पैसा देणे थांबले. हवे असल्यास शाळांनी लोकवर्गणीतून करावे, असे झाले.

आम्ही माळकरी आहोत. आमच्या घरात अंडे शिजलेले नाही व शिजणार नाही. माळ घातलेल्या घरच्या मुलाच्या ताटात अंडे पडू नये, त्याचे भांडे आणि पळी वेगळी असावी, ही मागणी रास्त आहे आणि तिच्यासाठी आम्ही कोठेही उभे राहू. आपल्या मुलाचा नेम पाळला गेला पाहिजे. पण तो पाळला गेल्यावर शेजारी बसलेल्या मुलाच्या ताटातलेही उचला, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? त्याच्या घरी अंडे खातात. त्याच्या आईने त्याला तेच खाऊ घातले असते, पण तिला रोज परवडत नाही. आता ज्या गावात वर्गणी जमेल तेथे ते त्याला मिळेल, आणि जेथे लोकच कंगाल आहेत तेथे मिळणार नाही. म्हणजे ज्याला गरज अधिक त्याचेच ताट आधी रिकामे. या रिकाम्या ताटाचे पुण्य आपल्या खात्यावर जमा होईल, असे कोणाला वाटत असेल तर त्याने पांडुरंगाला साक्ष ठेवून पुन्हा एकदा विचार करावा.

आपण एकादशीला धान्य खात नाही. मग उद्या कोणी म्हटले की एकादशीला रेशन दुकानात गहू देऊ नये, तर ते आपणांस मान्य होईल काय? आपण म्हणू, अहो, उपास आमचा आहे, जगाचा नाही. तेच येथे म्हणावे. नेमाचे तेज ते आपणहून धरलेला असतो म्हणून असते. माळ आपल्या हाताने, गुरूच्या समोर, मनाने ठरवून गळ्यात घालायची असते. दुसऱ्याच्या गळ्यात त्याच्या भुकेचा फायदा घेऊन घातली, तर मणी तेच राहतात, पण तिचा फास होतो. आजवर आमची कीर्तने ऐकून काही माणसांनी मांसाहार सोडला, माळ घातली. त्यांतला एकही शासन-निर्णय वाचून आलेला नाही. जे काम प्रेमाने आणि आचरणाने होते, ते आपण सरकारच्या कलमावर सोपवू लागलो, तर टाळ-मृदंग कशाला हवेत?

तेव्हा मर्यादा काही नाहीच काय? आहे. सरकार स्वतः जे विकत घेऊन वाटते, ते निवडक, स्वच्छ आणि पौष्टिक असावे. किडका गहू देऊन ‘मिळते ते घ्या’ म्हणू नये. त्या त्या मुलुखाचे धान्य त्या त्या मुलुखात द्यावे. दारू-गुटखा हे अन्न नव्हे, त्याला अन्नाच्या मदतीतून वाट देऊ नये. शाळेच्या ताटात काय असावे हे वैद्यांना विचारावे, आणि मुलाने त्यातले काय खावे हे त्याच्या आईबापांना. याच्या पलीकडे, जे अन्न किंवा जो पैसा एकदा गरिबाच्या हाती गेला, त्यावरून आपला हात उचलावा. तो पाच रुपये कधी चुकीचे खर्च करील. आपण कधी करीत नाही काय? चूक करण्याइतकी मोकळीक ज्याला नाही, तो माणूस आपल्या बरोबरीचा राहिला असे कसे म्हणावे? आणि पंढरीच्या वाटेवर तर आपण प्रत्येकाच्या पाया पडतो, तो बरोबरीचा आहे म्हणून, त्याच्या ठिकाणी देव आहे म्हणून.

म्हणून वाचकांना आमची विनंती एवढीच. आपल्या गावच्या रेशन दुकानात जाऊन एकदा उभे राहावे. अंगठा लावून पिशवी भरणाऱ्या बाईला ‘हे विकून काय घेणार?’ असे न विचारता ‘तुम्हांला काय मिळाले असते तर बरे झाले असते?’ असे विचारावे. जे उत्तर मिळेल ते ग्रामसभेत उभे राहून सांगावे, तहसीलदारांना अर्जात लिहून द्यावे. ज्वारीची मागणी करावी, डाळीची करावी. शाळेत माळकऱ्याच्या मुलाचे भांडे वेगळे ठेवायला सांगावे, आणि त्याच तोंडाने दुसऱ्याच्या मुलाचे अंडे चालू ठेवायलाही सांगावे. हे जो करील त्याने दामाजीपंतांच्या कोठाराचे दार आणखी थोडे उघडले, असे आम्ही समजू.

देताना हात वर असतो, घेताना खाली असतो. हे शरीराचे झाले, त्याला इलाज नाही. पण मन वर-खाली होऊ न देणे आपल्या हाती आहे. विटेवर उभा असलेल्याचे दोन्ही हात कमरेवर आहेत. तो कोणाच्या ताटाकडे बोट दाखवीत नाही.

रामकृष्णहरि.